‘मस्त आहे’ म्हणणाऱ्यांचं काय करू?

ताई,

मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, मानेवाड्याला राहते. सुट्टीत यूट्यूबवर बघून बघून गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकले आणि पहिला गेम बनवला. नाव ‘बोजारा’. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, एक पोरगा लाकडी बैल घेऊन गल्लीगल्लीतून फिरतो, उड्या मारून नाल्या ओलांडतो, कुत्रे आणि टू-व्हीलर चुकवतो आणि घराघरातून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतो. चार लेव्हल आहेत, शेवटची मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतली.

मैत्रिणींना पाठवला तर सगळ्या म्हणाल्या, ‘मस्त आहे यार’. दोन दिवसांनी विचारलं तर दुसऱ्या लेव्हलच्या पुढे कोणीच गेलं नव्हतं. दादाचा मित्र पुण्याला आयटीत आहे, त्याने व्हॉट्सॲपवर 26 मुद्दे पाठवले. कंट्रोल वाईट आहेत, बॅलन्सिंग (सोपं-कठीणचा मेळ) नाही, ग्राफिक्स जुनाट, युनिटी का नाही वापरलं, मल्टीप्लेअर टाक... वाचता वाचता रडायलाच आलं. दादा म्हणतो, ‘हे सोड आणि एमपीएससीचं बघ.’ आई तर गेम बघून हसत सुटली. म्हणे, ‘बैल समोर काहून पळून राहिला वं? बैलाले तर दोरीनं ओढतेत. तो मागं पाहिजे.’

कोणाचं ऐकू? आणि अजून एक. वर्गातल्या मैत्रिणीने पण गेम बनवला आहे, भुताचा. तिला माझं ‘खरं खरं मत’ हवंय. खरं सांगितलं तर तीही माझ्यासारखीच रडेल. पोळ्याच्या आधी गेम प्ले स्टोअरवर टाकायचा विचार होता, आता टाकू की नको तेच कळत नाही. सोबत गेमची लिंक आणि त्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवते आहे.

— बैलवाली, मानेवाडा, नागपूर

बैलवाली,

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तू एका ओळीत उरकून टाकली आहेस. दुसऱ्या लेव्हलच्या पुढे कोणीच गेलं नाही. ‘मस्त आहे’वर तू खूश होऊ पाहिलंस, 26 मुद्द्यांवर रडलीस, पण या ओळीपाशी थांबली नाहीस. बाकी सगळी मतं आहेत. घडलेली गोष्ट ही एकच आहे.

मैत्रिणी खोटं बोलल्या असं मला वाटत नाही. ‘कसा वाटला?’ असं बनवणाऱ्यानेच विचारलं, की समोरचा माणूस गेमबद्दल बोलतच नाही, तो तुझ्याबद्दल बोलतो. ‘मस्त आहे यार’ म्हणजे ‘तू एवढं केलंस, मला तुझं कौतुक आहे’. ते कौतुक घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्यावरून गेमबद्दल काही ठरवू नकोस. सकाळी कुठल्याही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जरा उभी राहून बघ. पक्का ठेलेवाला ‘कसे झाले’ विचारत बसत नाही. परत आलेल्या प्लेटीत काय उरलं ते बघतो.

तेव्हा आजपासून ‘कसा वाटला’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी विचार: कुठे थांबलीस? कुठे काय करायचं ते कळलं नाही? फोन बाजूला ठेवलास तेव्हा स्क्रीनवर काय चाललं होतं? यांची उत्तरं द्यायला कोणाला गेमची अक्कल लागत नाही आणि तुझं मन राखायचीही गरज पडत नाही. जे झालं ते सांगायचं, बस.

त्याहून बरं म्हणजे विचारूच नकोस, बघ. एका मैत्रिणीला घरी बोलाव. जिने गेम अजून उघडलेलाच नाही अशी निवड. फोन तिच्या हातात दे, तिच्या बाजूला, थोडं मागे बस आणि तोंड बंद ठेव. हे वाटतं तितकं सोपं नाही. ती नालीत पडेल आणि तुझ्या ओठांवर ‘अगं, काठावर गेल्यावर दाब ना’ येईल. गिळ ते. प्रत्येक वेळी बोलावंसं वाटलं की बोलण्याऐवजी वहीत लिही, कारण गेम प्ले स्टोअरवर गेल्यावर गोंदियात तो खेळणाऱ्या पोराच्या मागे तू बसलेली नसणार. जे तुला सांगावंसं वाटलं, ते गेमने सांगायला हवं होतं. तुझ्या वहीतली ती यादी या 26 मुद्द्यांपेक्षा खूप जास्त खरी असेल.

आणि बघायचं ते तिच्या चेहऱ्याकडे नाही, अंगठ्याकडे. खेळणारे सहसा गेमला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. ‘मला नाही जमत बा हे गेम-बिम’ म्हणून हसतात आणि फोन परत देतात. तुझ्या मैत्रिणींचं हेच झालं असावं असा माझा संशय आहे, कारण मी तुझा गेम खेळले आणि माझं तेच झालं.

मला काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

गेम उघडला, एक मोठी पाटी आली, त्यावर बऱ्याच ओळी होत्या. मी वाचल्या नाहीत, ‘पुढे’ दाबलं. मग बैल धावायला लागला आणि मी कुठे दाबायचं ते शोधत राहिले. पहिली गल्ली झाली. दुसऱ्या गल्लीत ती रुंद नाली आहे ना, पानठेल्याच्या पुढची, तिथे मी पडले. परत पडले. मला पक्कं वाटत होतं की मी वेळेवर दाबलं होतं, तरी पोरगा उडी न मारता सरळ खाली गेला. चीड आली. पुढे टू-व्हीलरला धडकत राहिले आणि बऱ्याच उशिराने लक्षात आलं की ती येण्याआधी हॉर्न वाजतो. माझा फोन सायलेंटवर होता. तिसऱ्या गल्लीत निळ्या दाराच्या घरातली म्हातारी बोजारा देण्याआधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवते, तिथे मी खेळायचं विसरून बघत बसले. मारबतीच्या लेव्हलला गर्दी आणि पोरगा दोघेही भगव्या-पिवळ्या रंगात आहेत, त्यामुळे मी कोण ते मलाच सापडेना.

यात एकही सल्ला नाही बघ. तू अशीच माहिती लोकांकडून मागायची आहेस. पुढे काय करायचं हे तुझ्या हातात राहतं.

नालीबद्दल मात्र थोडं खोलात जाते, कारण तुझा सगळा पेच मला तिथे अडकलेला दिसतो. गोडोत हालचालीचा हिशेब मूळ सेटिंगप्रमाणे सेकंदाला 60 वेळा होतो, म्हणजे दर साधारण 16.7 मिलिसेकंदांनी एकदा. अशा एका वेळेला इथे फ्रेम म्हणू. प्रत्येक वेळी तुझा कोड विचारतो, पोरगा जमिनीवर आहे का? असेल तर उडी, नसेल तर नाही. आता खेळणाऱ्याचं बघ. तिला नालीचा काठ दिसतो, डोळ्याकडून अंगठ्यापर्यंत निरोप जातो, अंगठा काचेवर टेकतो. तोवर पोराचा पाय काठावरून सुटून तीन-चार फ्रेम झालेल्या असतात. कोड म्हणतो, हा हवेत आहे, उडी नाही. ती म्हणते, मी दाबलं होतं! दोघंही खरंच बोलत असतात. तू स्वतः शेकडो वेळा ती नाली ओलांडली आहेस, तुझा अंगठा आधीच शहाणा झालाय, म्हणून तुला हे कधी दिसणारच नाही.

यावरचा उपाय गेमवाल्यांना कधीचा माहीत आहे. ‘रोड रनर’ कार्टूनमधला तो कोयोटी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत हवेतच उभा राहतो, त्याच्यावरून याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. काठ सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे सहाएक फ्रेमची सूट द्यायची. तेवढ्यात बटण दाबलं गेलं तर उडी मान्य करायची. याचंच दुसरं भावंड म्हणजे जमिनीवर टेकण्याच्या जरासं आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी देणं. 2018 चा ‘सेलेस्ट’ हा गेम अवघड म्हणून ओळखला जातो, त्यातही या दोन्ही सवलती आहेत. खेळणाऱ्याला त्या दिसत नाहीत, त्याला फक्त वाटतं की आपला हात चांगला बसला. गोडोत हे एका लहानशा टायमरचं काम आहे, एका संध्याकाळी होईल.

आता गंमत बघ. दादाचा मित्र लिहितो, ‘कंट्रोल वाईट आहेत’. मैत्रिणी दुसऱ्या लेव्हलला सोडून देतात आणि म्हणतात ‘मस्त’. वरवर बघितलं तर एकाने झोडपलं, बाकीच्यांनी डोक्यावर घेतलं. बहुधा दोघांचाही पाय त्याच नालीत गेला. एकाने चिडून नाव ठेवलं, दुसऱ्यांनी गप्प बसून फोन बंद केला. म्हणून तू विचारतेस ना कोणाचं ऐकू, त्याला माझं उत्तर हे की कुठे दुखलं ते सगळ्यांचं ऐक, औषध कोणतं ते कोणाचंच लगेच ऐकू नकोस. कुठे दुखतं हे खेळणाऱ्याला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. का दुखतं ते गेमच्या आत शिरलेल्यालाच सापडतं, आणि तिथे सध्या एकटी तू आहेस.

हीच चाळणी घेऊन त्या 26 मुद्द्यांकडे चल. मी स्क्रीनशॉट बघितला. पहिली गोष्ट, त्याने गेम शेवटपर्यंत खेळला आहे. मारबतीच्या लेव्हलबद्दल लिहिणारा तुझ्या पत्रात तो एकटाच आहे. एवढा वेळ कोणी फुकट देत नाही, तेव्हा माणूस वाईट नाही, फक्त सांगण्याची रीत आडदांड आहे. (हे वाचणाऱ्या समस्त आयटीतल्या दादालोकांना विनंती: नवख्या पोरीला 26 मुद्दे एका दमात पाठवू नका. त्यातले 3 निवडून पाठवा. बाकीचे 23 ती ते 3 दुरुस्त करेल तेव्हा कदाचित आपोआप गळून पडलेले असतील.)

त्याच्या यादीत 17 वा मुद्दा आहे, ‘पॉज करून परत आलं की बैल गायब होतो’. हा मुद्दा सोनं आहे आणि तू पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीस, कारण तो बोचला नाही. हा सरळ बग आहे, म्हणजे कोडमधली चूक, त्यात मत-बित काही नाही, आधी तो काढ. ‘कंट्रोल वाईट’, ‘दुसरी लेव्हल एकदम कठीण’, ‘काय करायचं कळत नाही’ हे तिन्ही दुखण्याचे पत्ते आहेत. त्याला परत विचार, ‘हे नेमकं कुठल्या ठिकाणी वाटलं?’ तो सांगेल. माणूस कष्टाळू दिसतो.

राहिलं ‘युनिटी (म्हणजे गोडोसारखंच दुसरं इंजिन, गेम बनवायचं सॉफ्टवेअर) का नाही’, ‘थ्रीडी कर’, ‘मल्टीप्लेअर टाक’. हे तुझ्या गेमबद्दल नाहीच. त्याने जो गेम बनवला असता त्याबद्दल आहे. गोडोत ‘ब्रोटाटो’ झाला, ‘डोम कीपर’ झाला, दोन्ही चांगले गाजले. खेळणाऱ्याला इंजिन दिसत नाही. आणि मल्टीप्लेअरचं म्हणशील तर ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एका माणसाने वर्षानुवर्षं एकट्याने बसून बनवला, तो 2016 मध्ये आला आणि त्यात मल्टीप्लेअर 2018 मध्ये आलं. तू पहिल्याच गेममध्ये त्या वाटेला जाऊ नकोस. असे मुद्दे एका वेगळ्या पानावर उतरवून ठेव, पान बंद कर. भांडायची गरज नाही, उत्तर द्यायचीही नाही.

‘ग्राफिक्स जुनाट’वर मी थोडी अडखळले. त्यात चव किती आणि अडचण किती ते कळत नाही. माझी अडचण तुला सांगितली, गर्दीत पोरगा सापडत नाही. त्याचीही तीच असेल तर तो मुद्दा कामाचा. नुसतं ‘मला पिक्सेल आर्ट आवडत नाही’ असेल तर असू दे.

आता आई.

तू तिचं बोलणं विनोद म्हणून लिहिलंस आणि मला ते वाचून खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं. जिने आयुष्यात गेम खेळला नाही तिने एका नजरेत असं काही पकडलं जे तुझ्या-माझ्यासकट कोणाला दिसलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याचा बैल चाकांवरचा असतो, त्याच्या शिंगांना किंवा पाटाला दोरी असते, आणि पोरगं पुढे चालतं, बैल मागे गडगडत येतो. मान वळवून वळवून बैल पडला का ते बघत चालणं हाच तर त्या दिवसाचा सगळा थाट. तुझ्या गेममध्ये बैल पुढे धावतो आणि पोरगा मागे, म्हणजे त्यात बैल आहे, पोळा आहे, बोजारा आहे, पण दोरी नाही.

आईने गेमच्या भाषेत काही सांगितलं नाही. ‘मेकॅनिक’ (खेळ चालतो तो नियम) हा शब्द तिला माहीत नाही आणि गरजही नाही. तिला जे खटकलं ते तिने सांगितलं. बैल मागे आला तर गेममध्ये काय काय बदलेल याचे विचार माझ्या डोक्यात भराभर येऊन राहिलेत, पण मी ते लिहिणार नाही, गेम तुझा आहे. एवढंच विचारते: पोराने नाली ओलांडली आणि बैल अजून अलीकडेच आहे, दोरी ताणली आहे, आता काय? जाऊन आईला विचार की तिच्या लहानपणी काय व्हायचं. तिथून जे निघेल ते पुण्यातल्या कुठल्याही यादीत नसेल.

हे करायलाच हवं असं नाही, हेही सांगून ठेवते. दोरी आणली तर कदाचित अर्धा गेम पुन्हा लिहावा लागेल. तू म्हणू शकतेस, ‘या गेममध्ये बैल पुढेच राहील, दोरी पुढच्या गेममध्ये.’ पहिला गेम पूर्ण करणं हेही मोठंच काम असतं, आणि चांगली सूचना नाकारायचा हक्क तुला आहे. फक्त ऐकून, समजून नाकार. ‘आईला काय कळतं’ म्हणून नको.

ऐकतानाचं एक. समोरचा बोलत असताना खुलासा करायचा नाही. ‘ते मी मुद्दाम तसं केलंय’, ‘ते अजून व्हायचंय’, ‘पाटीवर लिहिलं होतं ना’, यातलं एक वाक्य निघालं की समोरचा ओळखतो, हिला नाही ऐकायचं, आणि मग उरलेलं पोटात ठेवतो. ‘बरं, लिहून घेतलं’ एवढंच म्हण. रडू आलं तर येऊ दे, पण त्या रात्री कोडला हात लावू नकोस. दुखावलेल्या माणसाने रात्री दोन वाजता केलेले बदल सकाळी उलटवावे लागतात. आणि एका वेळी एकच बदल कर. उडी, वेग आणि नालीची रुंदी तिन्ही एकदम बदललंस तर काय लागू पडलं ते कळायचं नाही.

कोणाला दाखवायचं तेही जरा जपून. एखादा माणूस पहिल्यांदा खेळतोय, हे त्या माणसाच्या बाबतीत एकदाच घडतं. सगळ्या मावस-आते भावंडांना एकाच रविवारी फोन देऊन बसलीस की कोरा प्रेक्षक संपला. वापरून बघण्याच्या चाचण्यांवर काम करणारे जेकब नील्सन यांनी 2000 मध्येच लिहून ठेवलंय की एका फेरीला 5 माणसं पुरतात. तेवढ्यात मोठ्या अडचणी बाहेर येतात, मग दुरुस्त करून नवी फेरी घ्यावी. तुझ्या त्या 5 जणांत एखादा बीजीएमआयसारखे मारधाडीचे गेम खेळणारा भाऊ असू दे आणि एखादी फक्त कँडी क्रश खेळणारी काकू. भाऊ म्हणेल फारच सोपा, काकू म्हणेल फारच कठीण. त्यांच्यात मध्यममार्ग काढत बसू नकोस, तो दोघांनाही रुचत नाही. ‘बोजारा’ कोणासाठी आहे ते तू ठरव आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्या अंगठ्याकडे बघ. मला विचारशील तर काकू. पण ते माझं मत झालं.

पाटीचंही जाता जाता. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1985 चा. त्याच्या सुरुवातीला एकही सूचना नाही. तुम्ही डावीकडे उभे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून तिकडे चालता. समोरून एक मशरूमसारखा गडी चालत येतो, उडी मारली नाही तर मरता, आणि मरायला काही सेकंदच लागतात म्हणून परत खेळता. तेवढ्यात निम्मा गेम शिकून होतो. तुझ्या पहिल्या गल्लीत एक लहानशी, पडलं तरी काही न होणारी नाली असती तर पाटीची किती गरज उरली असती ते बघ.

दादाचं थोडक्यात. ‘एमपीएससीचं बघ’ हे गेमबद्दल काही सांगत नाही, तुझ्या पुढच्या काळजीबद्दल सांगतं. त्याच्याशी ते बोलणं वेगळं बसून कर. त्याचं उत्तर गेममध्ये शोधू नकोस.

मैत्रिणीचं मात्र नीट ऐक, कारण आता तू त्या पुण्याच्या दादाच्या जागी आहेस.

आधी तिला विचार, तुला काय जाणून घ्यायचंय? गेम कुठवर आलाय? तिचा गेम अर्धा असेल आणि तिला फक्त ‘भीती वाटते का’ एवढंच बघायचं असेल, तर मेनूच्या फॉन्टवर बोलून उपयोग नाही. तिला काहीच माहीत नसेल तर म्हण, ‘मी खेळते, तू बाजूला बस, मी मनात येईल ते मोठ्याने बोलत जाते.’ यात तुला ‘मत’ द्यावंच लागत नाही. ‘हे दार आहे का? उघडत नाही. भिंतच असेल. अरे, काहीतरी वाजलं. मागे काय आहे? कॅमेरा फिरत नाही वाटतं.’ तिला आपोआप कळतं की दार दारासारखं दिसत नाही, आणि तिला ते कोणी सांगितलेलं नसतं.

लिहून द्यायचं असेल तर जिथे झालं ते ठिकाण, तू काय करत होतीस आणि काय झालं, एवढं लिही. ‘दुसऱ्या खोलीत मी बराच वेळ कपाटाशी झटत राहिले, किल्ली खिडकीत होती ते दिसलंच नाही.’ ‘डिझाईन चुकलंय’ असं लिहू नकोस. बग असेल तर कोणत्या फोनवर, काय दाबल्यावर आणि परत केलं तरी होतं का, तेही लिही. नाहीतर ती बिचारी शोधत बसेल.

आणि चांगलं झालेलं सांग, पण त्याचा मुलामा देऊ नकोस. एक गोड, एक कडू, परत एक गोड अशी थाळी वाढायला हल्ली सगळीकडे शिकवतात. मला ती पद्धत पटत नाही. माणूस दोन दिवसांत ओळखायला लागतो की गोड आलं म्हणजे मागून कडू येतंय, आणि मग खऱ्या कौतुकावरही विश्वास बसत नाही. चांगलं सांगायचं कारण वेगळंच आहे. बनवणाऱ्याला माहीतच नसतं काय जमून आलंय, आणि दुरुस्तीच्या झपाट्यात तो तेच उडवून टाकतो. मी त्या निळ्या दारातल्या म्हातारीचं लिहिलं ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. लेव्हल छोटी करायच्या नादात तू तिला काढशील याची मला धास्ती आहे. मैत्रिणीच्या गेममध्ये तुझे हात खरोखर कुठे गार पडले ते शोध आणि तिला सांग, ‘याला हात लावू नकोस.’ तसं काहीच सापडलं नाही तर काहीच सापडलं नाही. तेव्हा ‘मस्त आहे यार’ म्हणू नकोस एवढंच.

हे सगळं वर्गाच्या ग्रुपवर नाही, दोघीच असताना. आणि ती रडली तर रडू दे, घाबरून शब्द मागे घेऊ नकोस. तिला पाणी दे, विषय बदल, दोन दिवसांनी ती स्वतः विचारायला येईल.

प्ले स्टोअरचं: टाक. पण क्रम लक्षात घे. डेव्हलपर खात्याची फी एकदाच भरायची, 25 डॉलर. त्यातही 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम थेट सगळ्यांसाठी खुला करता येत नाही. आधी बंद चाचणी घ्यावी लागते, किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस जोडलेले हवेत, त्यानंतर गूगलची परवानगी मागायची. पोरं-पोरी वैतागतात या अटीवर, पण तुला त्या 12 जणांची तशीही गरज आहे. तो पुण्याचा दादा त्यातला एक असू दे. त्याला आज एवढंच लिही: ‘दादा, पूर्ण खेळलास त्याबद्दल थँक्यू. पॉजचा बग काढला. कंट्रोल नेमके कुठे अडले ते सांगशील? नवीन बिल्ड आलं की पाठवते.’ तोवर इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर पासवर्ड लावून टाकून ठेव, तिथे पैसे पडत नाहीत आणि कॉमेंटही बंद ठेवता येतात.

पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा आणि मारबत दुसऱ्या दिवशी. कॅलेंडर काढ, तिथून उलटं मोज: गूगलच्या तपासणीचा आठवडा तरी धर, त्याआधीचे 14 दिवस, त्याआधी कोयोटी टाइम, बैल गायब होण्याचा बग, हॉर्नसोबत स्क्रीनवर काहीतरी दिसण्याची सोय आणि एक फेरी 5 जणांची. दोरीला यात वेळ उरतो का ते तुझं तू बघ.

— तुझी ताई